शंभर मीटरच्या पलीकडे

नंदूकाका सबनीसांनी मिलिंदला चौरस दिला तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, नॉटिंगहॅमजवळ बीस्टनच्या त्यांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. टेबल सोडलं तर घरात फारसं काही उरलं नव्हतं. बाकी सामान खोक्यांत गेलं होतं आणि खोकी एजवेअरला, काकांच्या मुलीकडे, शाल्मलीकडे. काकांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. काकू वारल्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसानं असं एकट्यानं राहायचं नाही हे शाल्मलीनं ठरवलं, आणि तिनं ठरवलं की काका फक्त मान हलवायचे.

चौरस म्हणजे पक्षीगणनेचा चौरस. नकाशावरचा एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद तुकडा. दर वसंतात हौशी माणसं असे चौरस वाटून घेतात, सकाळी लवकर जाऊन त्यातून दोन समांतर रेषा चालतात, आणि दिसेल-ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी फॉर्मवर लिहितात. एका रेषेचे पाच टप्पे, दोन्ही मिळून दहा. प्रत्येक टप्प्याला तीन रकाने: पक्षी पंचवीस मीटरच्या आत, पंचवीस ते शंभरच्या मध्ये, किंवा शंभरच्या पलीकडे. एप्रिलमध्ये नुसता रस्ता पायाखालून घालायचा, मेमध्ये पहिली गणना, जूनमध्ये दुसरी. मिलिंदला ही शिस्त फार आवडली. तो सॉफ्टवेअर टेस्टर होता, पंचवीस वर्षं लोकांच्या चुका शोधून त्याच पैशावर घर चालवत होता. रकाना दिसला की त्याला बरं वाटायचं.

काकांचा चौरस लिंकनशरमध्ये होता, नॉटिंगहॅमपासून तासाभरावर, हॅकबी नावाच्या गावाबाहेर. युद्धाच्या काळात तिथं विमानं उतरत. आता धावपट्टीचं काँक्रीट फुटून त्यातून गवत वर आलं होतं, आणि चहूकडे नुसतं माळरान. झाड औषधाला नाही. चंडोल मात्र रग्गड.

मिलिंदनं काकांची फाइल चाळली. एकोणीस वर्षांचे फॉर्म, सुवाच्य अक्षर, खाडाखोड नाही. एक गोष्ट त्याच्या डोळ्यांनी लगेच टिपली, कारण डोळ्यांना तीच सवय होती. दरवर्षी दहाव्या टप्प्यात, शंभर मीटरच्या पलीकडच्या रकान्यात, देवनागरीत एकच अक्षर होतं: 'ये'. पुढे आकडा, एक. फक्त दुसऱ्या वर्षाचा दहावा टप्पा कोरा होता.

"काका, हे ये म्हणजे येलोहॅमर का?"

काकांनी चहात बिस्कीट बुडवलं. ते तुटून आत पडलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "तसंच समज," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आणि एक. दहाव्या टप्प्याला लोखंडी फाटक आहे. तिथून परत फिरताना 'येतो' म्हणायचं नाही."

"कोणाला?"

"कोणालाच."

"कोणी नसताना मी कशाला म्हणेन?"

"आपण म्हणतो रे. सवय असते. रिकाम्या घराला कुलूप लावतानासुद्धा म्हणतो. तिथं नाही म्हणायचं. तोंडात आलंच तर 'जातो' म्हणायचं आणि सरळ गाडीत बसायचं."

म्हातारपण, मिलिंदला वाटलं. त्यानं हसून विषय बदलला. पण 'जातो' हा शब्द त्याला खटकला. तो देव मानत नव्हता, पत्रिका मानत नव्हता, मांजर आडवं गेलं तर थांबून त्याला गोंजारणारा माणूस. पण हा एक शब्द त्यानं आयुष्यात तोंडातून काढला नव्हता. तो नऊ वर्षांचा असताना वडील एका सकाळी सायकलवर टांग टाकता टाकता "जातो गं" म्हणाले होते आणि रस्त्यातच कोसळले. हार्ट अटॅक तसाही आलाच असता हे त्याला कळत होतं. पण आई त्यानंतर मुलांना या एका शब्दावरून फटका मारायची.

"येतो, काका," निघताना तो म्हणाला.

"ये," काका म्हणाले.

*

त्या रविवारी ईशिताचा व्हिडिओ कॉल आला. ईशिता मिलिंद-सुचेताची एकुलती एक, वीस वर्षांची, ग्लासगोला व्हेटचं शिकत होती. कॉल नेहमीसारखा आईशीच झाला. बापाच्या वाट्याला शेवटचं वाक्य आलं.

"ओके बाबा, मी ठेवतो."

"ठेवते," मिलिंद म्हणाला.

"Whatever, बाबा." स्क्रीन काळी झाली.

सुचेतानं त्याच्याकडे नुसतं बघितलं. सुचेता हॉस्पिटलच्या फार्मसीत होती, ईशिता लहान असताना तिच्या शिफ्ट असायच्या, त्यामुळे पोरीला शाळेत सोडणं-आणणं मिलिंदकडे. पोरगी मराठी शिकली ती बापाकडून, आणि बाप बोलायचा तसंच बोलू लागली: मी येतो, मी करतो, मी खातो. म्हणजे चूक त्याचीच. तरी तो टोकायचा. गेल्या ख्रिसमसला इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यानं चारचौघांत टोकलं, लोक हसले, आणि त्या दिवसापासून ईशिता त्याच्याशी मराठी बोलेनाशी झाली. मोजून तीन-चार वाक्यं उरली होती, तीही सवयीनं निसटायची. मुलगी हातातून चालली आहे हे मिलिंदला कळत होतं. ती परत जवळ यावी एवढंच त्याला हवं होतं, पण त्यासाठी काय करायचं ते ठाऊक नव्हतं. म्हणून तो टोकत राहायचा.

*

रस्ता पायाखालून घालायला तो एप्रिलच्या मध्यावर गेला. गवतावर दहिवर होतं. चंडोल वर चढत गात होते, इतके की मोजताना एकाच्या आवाजावर दुसऱ्याचा चढायचा. पुढे टिटव्या, इथल्या, शेंडीवाल्या. ससे काँक्रीटवर बसून त्याच्याकडे बघत आणि तो जवळ आला की नाइलाजानं उठत.

दहाव्या टप्प्याला फाटक होतं. त्याला जोडून कुंपण नव्हतं, गवतात नुसतंच उभं. पलीकडे माळ तसाच पुढे गेलेला. तिथं पोचल्यावर मिलिंदच्या लक्षात आलं की चंडोल थांबलेत. मागे, लांबवर गात होते. इथं नव्हते.

मग ते ऐकू आलं. फाटकाच्या पलीकडून, शंभर मीटरच्या बरंच पुढून. बारीक, जमिनीलगत. ये. थोडं थांबून परत, ये.

येलोहॅमर हा पक्षी असा ओरडत नाही. लावरी असेल म्हणावं तर लावरी इकडे यायला अजून महिना अवकाश होता. मिलिंदनं फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं, दोन मिनिटं ऐकलं, वहीत प्रश्नचिन्ह काढलं आणि वही मिटली.

"चला, येतो," तो म्हणाला.

म्हणून झाल्यावर त्याला कळलं. त्याला हसू आलं. पलीकडचा आवाज बंद झाला होता.

घरी त्यानं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. वारा होता, लांबचे चंडोल होते, त्याचा स्वतःचा श्वास होता, "चला, येतो" होतं आणि त्यानंतरचं हसूही होतं. तो आवाज नव्हता. माइक लहान, अंतर जास्त, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

*

मेमधली गणना दहा तारखेला झाली. गवत गुडघ्याला लागत होतं. नऊ टप्पे छान गेले, चंडोल एकतीस, टिटव्या सहा, एक घुबड दिवसाढवळ्या कुरणावरून तरंगत गेलं. मिलिंद खुशीत होता. फाटकाशी आला आणि चंडोल थांबले.

त्यानं फोनवर नवं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि माळाकडे कान दिला.

"चला, येतो."

आवाज त्याचाच होता. साठ मीटरवरून आला असेल. मागोमाग हसू आलं, एप्रिलमधलं, तेच, मध्ये घशात थोडं अडकणारं.

मिलिंद हलला नाही. त्याचं डोकं त्याही वेळी रांगेत कारणं लावत होतं. प्रतिध्वनी. पण प्रतिध्वनी महिनाभर थांबत नाही. कोणाची तरी मस्करी. पण एप्रिलमध्ये इथं कोणी नव्हतं, आणि ते मराठीत होतं. मग त्याला गवत दिसलं. लांबून फाटकाच्या दिशेनं एक पट्टा आडवा झालेला होता, माणूसभर रुंद आणि ताणून काढलेला, त्याच्या गणनेच्या रेषेइतका सरळ. पट्टा साठ मीटरवर संपत होता. वारा अजिबात नव्हता.

तो काही न बोलता मागे फिरला. पळाला नाही, पण गाडीशी पोचला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. रेकॉर्डिंग त्यानं गाडीतच ऐकलं. लांबचे चंडोल, आणि मग नुसती शांतता.

दुपारी त्यानं एजवेअरला फोन लावला. शाल्मलीनं काकांना दिला. काकांनी कसा आहेस वगैरे विचारलंच नाही.

"काय म्हणालास निघताना?"

"एप्रिलमध्ये… चुकून, काका. सवयीनं."

"अरे गाढवा." मागे टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. "आता जूनमध्ये जावंच लागेल. येतो म्हणालायस ना. जा, फाटकाशी उभा राहा, मोठ्यानं 'जातो' म्हण आणि नीघ. आणि एकटा जा. घरातलं कोणी नेऊ नकोस."

"आणि गेलोच नाही तर?"

"तर मग ते येतं," काका म्हणाले.

*

जायचं नाही असंच मिलिंदनं ठरवलं होतं. चौरस परत करायचा, पाठदुखीचं कारण द्यायचं. जून अर्धा सरला. ईशिता परीक्षा आटोपून घरी आली. घर भरलं. ती केस कापून आली होती, दाराबाहेर बर्ड फीडर टांगून बापाला म्हणाली, "For you." त्यावर गोल्डफिंच येऊ लागले, सकाळी आठ-नऊ तरी. मिलिंद रोज मोजायचा. तिनं आपणहून त्याला काही दिलं होतं, ते किती वर्षांनी.

आणि मग एका मंगळवारी तो संध्याकाळी सहाला कामावरून आला तर सुचेता दारातच उखडली.

"दुपारपासून चाललंय तुझं! बागेमागून येतो, येतो. मी कपडे वाळत घालत होते, म्हटलं येईल आत. दहा वेळा म्हणालास. आलास का?"

मिलिंदच्या हातात अजून लॅपटॉपची बॅग होती. तो दिवसभर डर्बीला, ऑफिसात होता.

"काय रे? पांढरा का पडलास?"

"काही नाही," तो म्हणाला. "मीच होतो."

शनिवारी सकाळी साडेचारला तो आवाज न करता खाली उतरला, तर ईशिता स्वयंपाकघरात बूट चढवून उभी. फ्लास्कमध्ये चहा भरत होती.

"मी पण येतो."

"येते," तो म्हणाला. तोंडातून निघून गेलं. मग, "नको. आज नको, बेटा."

"Seriously? दहा वर्षं तू मला birds साठी bed मधून drag करायचा. आता मी स्वतः येतो, तर नको?" तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "ओके. Fine. मला वाटला तुला आवडेल."

तिनं बुटाची नाडी सोडायला घेतली. तिला काय सांगणार होता तो? फाटकापलीकडे माझाच आवाज आहे म्हणून? मिलिंदला तिच्या वाकलेल्या मानेचा मागचा भाग दिसत होता, नवे कापलेले केस, आणि त्याला वाटलं, आज नाही म्हटलं तर ही परत कधी विचारणार नाही.

"चल," तो म्हणाला. "पण मी येईपर्यंत गाडीतच बसायचं. खाली उतरायचं नाही, हाक मारायची नाही. Promise कर."

"का?"

"पक्षी उडतात."

"ओके. Promise."

*

हॅकबीला धुकं होतं. जमिनीतून वर आलेलं, छातीपर्यंत दाट, वर विरळ. त्यानं गाडी दहाव्या टप्प्याजवळच्या कच्च्या रस्त्यावर लावली. तिथून फाटक दीडशे पावलांवर होतं, पण दिसत नव्हतं. ईशितानं काच खाली करून त्याला अंगठा दाखवला.

नऊ टप्पे त्यानं चालून काढले. का, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. बहुधा रकाने भरताना भीती कमी वाटत होती. फोन छातीच्या खिशात पहिल्या टप्प्यापासून रेकॉर्डिंगवर होता.

फाटकाशी चंडोल थांबले.

गवताचा आडवा पट्टा आता फाटकापर्यंत आला होता. फाटकाच्या अलीकडेही थोडा होता.

मिलिंदनं लोखंडावर हात ठेवला. ते ओलं होतं आणि कोमट होतं. त्याला वडिलांची सायकल आठवली, आईचा हात आठवला. त्यानं दोनदा तोंड उघडून मिटलं.

"जातो," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "मी जातो."

काही झालं नाही. धुकं होतं तसंच होतं. आणि मग, अगदी डोक्यावर, एक चंडोल गाऊ लागला. मागून दुसरा. त्याला रडू येत होतं. झालं, तो स्वतःशी म्हणाला, सुटलो. तो वळला.

"बाबा, थांब!" धुक्यातून ईशिताचा आवाज आला, गाडीच्या बाजूनं, आनंदी. "तुझा चहा विसरला! मी येतो!"

चंडोल थांबले.

"ये," कोणीतरी म्हणालं.

पंचवीस मीटरच्या आतून. मिलिंदच्या आवाजात.

"ईशिता, थांब! तो मी नाही! हलू नकोस!"

गवतात पावलं वाजली. भरभर, त्याच्याकडे नाही, डावीकडे.

तो पळाला. धुक्यात हात पुढे करून, गवताला अडखळत, तिचं नाव घेत. पावलं बंद झाली. गवत स्वस्थ होतं. आपला श्वास सोडून त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

मग अगदी जवळून, मागून, शांतपणे:

"बाबा, मी येते."

ती धुक्यातून बाहेर आली. हातात फ्लास्क. केस, कानातलं, निळं जॅकेट. त्यानं तिला कवेत घेतलं, जोरात, ती लहान असताना घ्यायचा तसं. तिचं अंग गार होतं. सकाळची वेळ, गार असणारच.

"येते," तो रडत-हसत म्हणाला. "शाब्बास. येते. चल, चल आता."

"चला," ती म्हणाली.

गाडीत बसताना त्याचं तिच्या बुटांकडे लक्ष गेलं. त्याची पँट मांडीपर्यंत भिजली होती. तिचे बूट कोरडे होते. धुक्यात कुठं काय ओलं असतं याला काही नियम नाही, असं म्हणून त्यानं गाडी सुरू केली.

*

पुढचे दहा दिवस सुचेता खूश होती. ईशिता तिच्या मागे मागे असायची, पोळ्या लाटायला शिकली, आणि बोलायची मराठीत. "आई, मी भाजी चिरते." "आई, माझी चप्पल कुठे गेली?" माझा चप्पल नव्हे, माझी. सुचेतानं मुलाखत दिल्यासारखं मंडळातल्या चौघींना फोन करून सांगितलं.

मिलिंदलाही बरं वाटायला हवं होतं. तेच तर त्यानं मागितलं होतं. पण तो चहा घेऊन खिडकीशी बसायचा आणि फीडरकडे बघत राहायचा. दाणे काठोकाठ भरलेले होते. शनिवारपासून गोल्डफिंच एकही आला नव्हता. चिमणी नाही, कबूतर नाही. वहीत त्यानं रोज शून्य लिहिलं. रेकॉर्डिंग त्यानं लॅपटॉपवर उतरवून ठेवलं होतं, पण ऐकलं नव्हतं.

ईशिताला प्लेसमेंटसाठी, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातल्या उमेदवारीसाठी, लवकर परतायचं होतं. अकराव्या दिवशी सुचेता तिला स्टेशनवर सोडायला निघाली. ईशितानं दारातून वळून बापाकडे बघितलं.

"येते हं, बाबा."

"ये" म्हणायला त्यानं तोंड उघडलं. ते निघालं नाही.

गाडी गेल्यावर त्यानं काकांना फोन लावला. सगळं नीट झालं म्हणून सांगितलं, जातो म्हटलं, मुलगी चुकून बरोबर होती पण काही झालं नाही.

"मुलगी होती?" काकांनी विचारलं.

"हो. पण ठीक आहे ती. उलट छान आहे."

"बोलते कशी?"

"म्हणजे?"

"बोलते कशी, मिलिंद?"

मिलिंद खुर्चीत बसला. "शुद्ध," तो म्हणाला. "एकदम शुद्ध बोलते, काका."

काकांचा आवाज फार म्हातारा वाटला.

"तुझी काकू मूळची मालवणची. तिच्या तोंडून तू कधी मालवणी ऐकलंस?"

"नाही."

"लग्न झाल्यापासून ती मला मालवणीतच शिव्या घालायची. माझ्या गणनेच्या दुसऱ्या वर्षी एकदा हौसेनं माझ्याबरोबर हॅकबीला आली. त्यानंतर मीही ऐकलं नाही. वारली तोवर नाही."

"मग मला का दिलात तो चौरस?"

"माझे गुडघे गेले रे," काका म्हणाले. ते रडत होते. "तिथं माझ्या जागी मराठी बोलणारं कोणीतरी जायला हवं होतं. नाहीतर ते इथं आलं असतं, शाल्मलीच्या दारी."

शाल्मलीनं फोन घेतला. बाबा दमलेत, ती म्हणाली.

मिलिंदनं लॅपटॉप उघडला. फाइल दोन तास सतरा मिनिटांची होती. तो सरळ शेवटाकडे गेला.

चंडोल. शांतता. "जातो. मी जातो." चंडोल. मग लांबून, बारीक पण स्पष्ट, "बाबा, थांब! तुझा चहा विसरला! मी येतो!" मग 'ये' यायला हवं होतं. आलं नाही. त्याचं ओरडणं, त्याचं पळणं, त्याचा श्वास. त्यानंतर थोडा वेळ काहीच नाही. आणि मग त्याचाच आवाज, रडका, खुशीतला:

"येते. शाब्बास. येते. चल, चल आता."

'बाबा, मी येते' नव्हतं. 'चला' नव्हतं. गवतातून एकाच माणसाचे बूट वाजत होते.

त्या बुटांच्या मागे ती होती.

"बाबा? कुठे आहेस तू? मला दिसत नाही."

पंचवीस मीटर असेल.

"बाबा, थांब ना. मी येतो."

बूट चालत राहिले. ती हाका मारत होती, जागच्या जागी, तिचा आवाज हलत नव्हता. लांब जात होता तो मिलिंद. साठ मीटर. ऐंशी. तिला रडू फुटलं होतं आणि तरी ती मराठीत बोलत होती, बापाला आवडतं म्हणून.

टेबलावर फोन वाजला. सुचेता होती.

"गेली ट्रेन. अरे, प्लॅटफॉर्मवर काय गोड बोलली माहितीये? म्हणाली, येते हं आई, लवकर येते. एक चूक नाही रे! ऐकतोयस ना?"

मिलिंद ऐकत होता. लॅपटॉपमध्ये गाडीचं दार एकदाच उघडून बंद झालं. इंजिन लागायच्या आधी क्षणभर माळ शांत होता, आणि शंभर मीटरच्या पलीकडून त्याची मुलगी म्हणत होती, "मी येतो, बाबा. मी येतो."